‘नथिंगनेस’ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय: पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरच्या लेखाचा अनुवाद करतेय, ‘नथिंगनेस’साठी शून्यता, अभाव की नास्तित्व? १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर असलेल्या गावातून हा प्रश्न आला, याचा फार आनंद झाला.

ताई, एकच शब्द सगळीकडे लावू नका. इंग्रजीत ‘नथिंग’ हे नाम वाक्याचा कर्ता होऊन बसतं. आपण ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणतो. ‘काही’ जागेवर राहतं आणि नकार क्रियापदावर पडतो. अहिराणीतही तसंच, ‘घरमा कोनी नही’. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२९ च्या व्याख्यानात ‘निख्ट्स’ला (जर्मनमधल्या ‘काही नाही’ला) कर्ता करून त्याच शब्दापासून घडवलेलं क्रियापदही त्याला जोडलं, तेव्हा तत्त्वज्ञ कार्नापने नेमका हाच आक्षेप घेतला: नकाराचं नाम केलं, म्हणून ती वस्तू होत नाही. मराठीत ते वाक्य लिहायला बसलात की हात आपोआप अडतो. ते अडणं अनुवादातही दिसू द्या.

आता ‘शून्य’. संस्कृतात ‘शून’ म्हणजे फुगलेलं, सुजलेलं. वरून फुगीर आणि आतून पोकळ असा अर्थ तिथून आला असं व्युत्पत्तिकार मानतात. आपलं ‘सुनं’ याच शब्दातून प्राकृतमार्गे आलंय. मुलं पुण्या-सुरतेला गेली की आजी म्हणते, ‘घर सुनं लागस’. भिंती, चूल, ओटा सगळं जागच्या जागी असतं, तरी घर सुनं. म्हणजे या शब्दात भांडं शिल्लक राहतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता मला याच बाजूने कळली. तो वस्तू नाकारत नाही. तिला स्वतःच्या बळावर उभा असलेला स्वभाव नाही, ती इतरांच्या आधाराने आहे, एवढंच म्हणतो. प्रतीत्यसमुत्पादालाच, म्हणजे इतरांच्या आधाराने घडण्यालाच, आम्ही शून्यता म्हणतो, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. तेव्हा हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या पानावर तो आला, तर वाचक भलतीकडेच जाईल.

सार्त्रसाठी ‘अभाव’ पुष्कळ जवळचा. १९४३ च्या ग्रंथात तो कॅफेत मित्र पिएरला शोधतो आणि त्याला पिएरचं तिथे नसणंच दिसतं. ‘जमिनीवर घट नाही’ या उदाहरणावर आपल्याकडे वैशेषिक, नैयायिक आणि मीमांसक या दर्शनांचे पंडित शतकानुशतकं वाद घालत आले. वैशेषिकांनी पुढे अभावाला सातवा पदार्थच (जगातल्या गोष्टींचा मूलभूत प्रकार) मानलं. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि ज्याचा असतो त्याला ‘प्रतियोगी’ म्हणतात. पिएर हा त्या अभावाचा प्रतियोगी. इतका नेमका शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा? फक्त सार्त्रच्या मते नसणं जगात येतं ते माणसाच्या जाणिवेमुळे, आणि वैशेषिकांना हे मान्य होणार नाही. तिथे एक तळटीप द्याच.

‘नास्तित्व’ला मात्र ‘कोणाचं?’ हा प्रश्न चिकटतो, म्हणून हायडेगरसाठी मला तो नको वाटतो. त्याच्या भयाच्या अनुभवात एखादी वस्तू हरवत नाही, सगळंच एकदम निसटतं. तिथे मी पहिल्यांदा ‘काहीच नसणं’ असं उलगडून लिहीन आणि पुढे ‘नास्ति’ वापरीन. ‘अस्ति-नास्ति’मुळे तो शब्द वाचकाला परका वाटणार नाही.