‘पुढे पुढे करते’ म्हणतील त्याचं काय?

गेली काही वर्षं एकच तक्रार वेगवेगळ्या शिक्षकांच्या तोंडून ऐकते आहे. “मॅडम, आम्ही शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकावं असं फार वाटतं. पण कुणी येत नाही. आणि पुढाकार घेतला की म्हणतात, पुढे पुढे करते, हिला आदर्श शिक्षक पुरस्कार हवाय.”

त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट, ओळखीचे तपशील बदलून. जिल्हा परिषद शाळा, तिसरीचा वर्ग, नऊ वर्षं नोकरी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास शिकायला मिळावेत असं म्हटलंय, केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषदही होते. पण तिथे परिपत्रकं आणि माहिती भरण्याच्या सूचनांतच वेळ जातो, ‘माझ्या वर्गात काय अडलंय’ हे बोलणं राहूनच जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी शाळेतच गट काढला. पहिल्यांदा सहाजण आले, पुढच्या वेळी दोघं, मग कुणीच नाही.

“गटात काय केलंत?”

“माझ्या वर्गात छान चाललेले भाषेचे खेळ दाखवले. मग मी बनवलेलं गणिताचं साहित्य.”

“आणि तुमचं अडलेलं काय दाखवलंत?”

त्या जरा दुखावल्या. “गट मी काढलाय. मला आलंच पाहिजे ना!”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं समुपदेशन करते. ‘झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो असं ती मानते, त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. हा ‘च’ त्यांच्या एकटीचा नव्हता, स्टाफरूममधल्या प्रत्येकाच्या मनात तो होता. त्यांचे सुंदर खेळ बघून प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला हे जमत नाही, आणि ते इथे उघड होईल. मग येणार कोण?

मी त्यांना एखादी चुकलेली वही आणायला सांगितली. त्यांनी आणली. ५२ वजा २७, उत्तर ३५. पाच मुलांची तीच चूक.

“लक्ष नसतं हो त्यांचं,” त्या म्हणाल्या.

“कसं केलं, ते विचारलंत?”

नव्हतं विचारलं. पंधरा दिवसांनी आल्या त्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या. “विचारलं मी. तो म्हणतो, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. बाई, तुम्हीच सांगितलंत ना, मोठ्यातून लहान घालवायचं!” डोळे भरून आले होते. “नऊ वर्षं मी हे वाक्य बोलतेय, मॅडम.”

मी बराच वेळ काही बोलले नाही. घाईनं धीर दिला असता, तर तो क्षण हातचा गेला असता. मग एवढंच विचारलं, “हे गटात सांगाल?”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. निवृत्तीला आलेले एक गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून ती बघत राहिले. म्हणाले, “मीपण असंच सांगतो.” त्यानंतर दशकाचा गठ्ठा कसा सोडायचा यावर पाऊण तास बोलणं चाललं.

तेव्हापासून गट काढणाऱ्या प्रत्येकाला सांगते: पहिली वही तुमच्या वर्गातली हवी. तीन-चारजण पुरे. मुख्याध्यापकांकडून वेळ मागून घ्या, पण त्यांना अध्यक्ष करू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, इतिवृत्त लिहू नका. कागद आला की माणसं सावध होतात. सल्ल्याआधी ‘मुलानं काय विचार केला असेल?’ हे विचारा. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि नंतर पाठावर बोलतात. शंभराहून जास्त वर्षांची ही रीत आहे, आणि शिकवणाऱ्याला तिथे आरोपीसारखं उभं राहावं लागत नाही.

राहिलं लोकांचं बोलणं. त्यांनी नावं ठेवू नयेत असं वाटणं साहजिक आहे. ठेवताच कामा नयेत, हा हट्ट मात्र आपल्यालाच जागचं हलू देत नाही.

परवा बाईंचा फोन आला. “एक मॅडम अजून म्हणतात पुढे पुढे करते. म्हणू देत. या शनिवारी गुरुजी वही आणणार आहेत. भागाकाराची.”