वाचक विचारतात : डुआर्सची अठरा दारं

प्रश्न : नकाशात भूतानची दक्षिण सीमा बरीचशी डोंगराच्या पायथ्यालाच येऊन थांबते. खालची सपाटी भारतात. हे असं का? आणि ‘डुआर्स’ म्हणजे काय?

उत्तर : दुआर म्हणजे आपलं दारच. भूतानच्या डोंगरातून मैदानात उतरणाऱ्या अशा अठरा वाटा. अकरा बंगालच्या बाजूला, सात आसामच्या. पुढे त्या वाटांखालच्या सगळ्या पट्ट्यालाच हे नाव पडलं. तिस्ता नदीपासून पूर्वेला आसामातल्या धनसिरी नदीपर्यंत तो पसरला आहे. डोंगरात भात-कापूस बेताचाच, म्हणून भूतानला खालच्या जमिनीचा महसूल हवा असे.

आसामकडचे दुआर इंग्रजांनी 1841 मध्ये घेतले आणि मोबदला म्हणून वर्षाला 10,000 रुपये देऊ केले. बंगालकडच्या दुआरांवरून कुरबुर चालूच राहिली. 1864 मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅश्ले ईडनचं शिष्टमंडळ भूतानच्या तेव्हाच्या राजधानीतून, पुनाखातून, अपमानित होऊन परतलं, नोव्हेंबरात युद्ध पुकारलं गेलं. ते इंग्रजांना वाटलं तितकं सोपं गेलं नाही. आग्नेय भूतानच्या सीमेवरच्या देवनगिरीहून माघार घेताना त्यांच्या दोन तोफा भूतानी लोकांच्या हाती लागल्या, आणि तहाच्या वेळी त्या परत मिळवण्यावर इंग्रज अडून बसले!

11 नोव्हेंबर 1865 च्या सिंचुला तहाने सगळे दुआर आणि आजचा कालिम्पोंगचा भाग इंग्रजांकडे गेला. भूतानला पहिल्या वर्षी 25,000, मग 35,000, 45,000 आणि पुढे दरसाल 50,000 रुपये ठरले. 1910 मध्ये रक्कम एक लाख झाली, 1949 च्या भारत-भूतान करारात पाच लाख. त्याच करारान्वये देवनगिरीचा सुमारे 32 चौरस मैलांचा तुकडा भूतानला परत मिळाला. बाकी सीमा जवळपास 1865 मध्ये आखली तशीच आहे.

प्रश्न : तिथल्या नद्या हिवाळ्यात कोरड्या आणि पावसाळ्यात गावं गिळणाऱ्या. असं कसं?

उत्तर : डोंगर सुटला की नदीचा उतार एकदम कमी होतो आणि सोबत आणलेले धोंडे, गोटे ती तिथेच टाकते. या गोट्यांच्या पट्ट्याला भाबर म्हणतात. हिवाळ्याचं थोडकं पाणी त्यात मुरतं आणि काही अंतर खाली तराईत, म्हणजे ओलसर सखल पट्ट्यात, झरे, दलदल होऊन वर येतं. म्हणून भाबरात विहीर खोल न्यावी लागते आणि बोअर मध्येच धोंड्याला अडतं. तराईत मात्र पाणी हाताशी. पावसाळ्यात गाळाने पात्र उथळ होतं, मग नदी कुशीवर वळावी तशी शेजारच्या शेतातून वाट काढते. नुसता बांध उंच करत जाणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पात्रही वर येत जातं.

चहाचं गणितही यातच आहे. चहाच्या मुळांशी पाणी साचलं की ती कुजतात. त्यामुळे मळे निचऱ्याच्या उंचवट्यावर, भात खोलगटात. डुआर्समधला पहिला मळा 1874 चा, गाजोलडोब्याचा. इथले जुने रहिवासी मेच, राभा, राजबंशी. फिरती शेती करणाऱ्या मेच लोकांना मळ्याच्या हजेरीत रस नव्हता. तेव्हा नेपाळमधून मजूर आले, आणि आजच्या झारखंडातल्या छोटा नागपूरहून उरांव, मुंडा, संथाळ. सरदार, म्हणजे मजूर पुरवणारे मुकादम, त्यांना गावातून जमवून आणत आणि माणशी दस्तुरी (दलाली) घेत. इतक्या भाषांची माणसं मजुरांच्या एका लायनीत (चाळीत) राहिल्यावर बोलायला सादरी ही छोटा नागपूरची बोली उपयोगी पडली. मळ्यांवर आजही ती ऐकू येते.

प्रश्न : जुलैत सुट्टी आहे. बक्सा किल्ला, टोटो जमातीचं टोटोपाडा, भूतानच्या हद्दीतलं फुंटशोलिंग जमेल?

उत्तर : जुलै सोडा. 15 जून ते 15 सप्टेंबर जंगल पर्यटकांना बंद असतं. टोटोपाड्याला मदारीहाटहून जाताना कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यांच्या पात्रातून गाडी घालावी लागते आणि वर भूतानात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. टोटो लोकांची संख्या जेमतेम दीड-दोन हजार. घरात शिरून फोटो काढत सुटू नका.

नोव्हेंबर ते मार्च बरा. बक्सा किल्ल्याला सांतालबाडीहून चढून जायचं. सीमेवरच्या जयगावहून फुंटशोलिंगला मुक्कामी जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, नुसत्या आधार कार्डावर अडकाल. मुक्कामाचं शुल्क किती ते आधी विचारून घ्या, आणि पलीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं हे परतीची गाडी ठरवताना विसरू नका.