फिर्याद नव्हे, दावा

गिरगावातल्या एका वाचकाने विचारलंय: "शेजाऱ्याने आमच्यावर दिवाणी कोर्टात खोटी फिर्याद केली होती, ती फेटाळली. आता भरपाई मागायची आहे. त्याच्या या कृत्याला मराठीत काय म्हणावं?"

आधी ते 'खोटी फिर्याद' खोडा. आजच्या कोर्टी मराठीत फिर्याद फौजदारीची, दावा दिवाणीचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बातम्यांतसुद्धा हा घोळ रोज ऐकू येतो आणि संताप होतो. दाव्यातल्या प्रतिवादीला सर्रास 'आरोपी' म्हणतात. त्या बिचाऱ्याने कुठे चोरी केलीय?

फिर्याद फारसी, मदतीसाठी फोडलेला टाहो. एवढं पुरे. दावा मात्र अरबी, आणि त्याचं गोत्र पाहण्यासारखं आहे. मूळ धातूचा अर्थ हाक मारणे, बोलावणे. देवाला हाक मारली की दुआ, माणसांना जेवायला बोलावलं की दावत, 'हे माझं' असं पुकारलं की दावा. ज्यावर हक्क सांगितला तो मुद्दआ. त्याचाच आपला मुद्दा झाला. पोलीस जप्त करतात त्या मुद्देमालातही तोच बसलाय.

मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला: वैर. 'काळाने दावा साधला' म्हणतो आपण. 'सात जन्मांचा दावेदार' म्हणजे हाडवैरी. माझं मत असं की हा अर्थ वतनाच्या तंट्यांतून आला. पाटीलकी-कुलकर्णीपणासाठी भाऊबंद पिढ्यान् पिढ्या भांडायचे, मग हक्क सांगणारा आणि वैरी वेगळे राहतीलच कसे? कुणी या दाव्याचा संबंध गुरं बांधायच्या दाव्याशी जोडेल. साफ चूक. ते दावं नपुंसकलिंगी, संस्कृत 'दामन्'वरून आलेलं. दाव्याऐवजी सरकारी मराठीला 'वाद' प्रिय, म्हणून मुंबईत लघुवाद न्यायालय आहे. पण वाद चहाच्या टपरीवरही होतो. दाव्याला मुद्रांक लागतो.

हे वैर कायद्याला दिसतं का? इंग्लंडात 1698 साली न्यायमूर्ती होल्ट यांनी ठरवलं की दिवाणी दावा द्वेषाने लावला तरी सहसा अपकृत्य, म्हणजे भरपाई मागता येईल असं गैरकृत्य, नाही, कारण जिंकणाऱ्याला खर्च मिळतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते दार उघडलं. आपल्याकडे सर्वसाधारण नियम अजून जुनाच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-अ खाली खोट्या दाव्याची भरपाई मिळते, पण कमाल 3,000 रुपये, तीही 1976 च्या दुरुस्तीपासून तेवढीच. अपुऱ्या कारणावर मनाई हुकूम घेतला असेल तर कलम 95 खाली 50,000 पर्यंत. होल्ट यांचा 'खर्च मिळतो' हा आधार इथे टिकतच नाही.

आमच्या चाळीत अशाच एका मनाई हुकुमापायी जिन्याची दुरुस्ती चार वर्षं अडली. लाकडी टेकूंना हात लावत म्हातारी माणसं वर चढायची. दावा फेटाळला; त्या चार वर्षांचं कुणी काही दिलं नाही. हे अपकृत्य मानलंच पाहिजे.

तर तुमचा शब्द: 'द्वेषमूलक दावा'. नुसता 'खोटा' नको. दावा खोटा ठरला तरी लावणाऱ्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो. मसुदा वकिलाकडे नेण्याआधी तेवढं बदलून घ्या, आणि शेजाऱ्याला आरोपी लिहू नका.