हात सुटताना दिसत नाही

"मॅडम, खेळ संपला. आता मी कोण?"

हे वाक्य वर्षातून पाच-सहा वेळा तरी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतं. कधी कबड्डीतला मुलगा असतो, कधी खो-खोतली मुलगी. विद्यापीठ स्पर्धांचं वय 25 ला सरतं, 5 टक्के क्रीडा आरक्षणातली नोकरी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि घरात 'पुढे काय?' सुरू होतं. म्हणून एका सॉफ्टबॉल पिचरची, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय. नाव आणि खुणा बदलल्या आहेत.

वैशाली खानदेशातली. शाळेपासून दहा वर्षं पिचर. मग बी.पी.एड. केलं आणि ज्या मैदानावर खेळली तिथेच कॉलेजच्या मुलींना मानधनावर शिकवू लागली. बघणाऱ्याला वाटावं, छान सोय लागली. ती मात्र सराव संपवून घरी आली की रडायची.

"मुली मला आता मॅडम म्हणतात," ती म्हणाली. "मागच्या वर्षापर्यंत ताई म्हणायच्या."

"मग?"

"मॅडम म्हणजे जी खेळत नाही ती."

मुलींना जमेना की ती स्वतःच चेंडू घेऊन टाकायची. तीन-चार चेंडू सणसणीत गेले की बरं वाटायचं. "आणि मुली?" मी विचारलं. "बघत उभ्या राहतात," ती खाली मान घालून म्हणाली.

मोबाइलमध्ये तिने कॅट ऑस्टरमनचे व्हिडिओ जपून ठेवले होते. टेक्सास विद्यापीठाची ही डावखुरी पिचर 2015 मध्ये खेळातून निवृत्त झाली, टेक्सास स्टेटमध्ये प्रशिक्षक झाली, आणि तरी टोकियो ऑलिम्पिकमध्ये 38व्या वर्षी अमेरिकेसाठी उतरून रौप्यपदक घेऊन आली. "2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतंय," वैशाली हळूच म्हणाली. तिची आशा मी मोडली नाही. पण त्या व्हिडिओंतला मधला काळ, शिकवण्याचा, ती पुढे ढकलून बघत होती.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेवरची; माणसाच्या हट्टी समजुती शोधून तपासायच्या, ही ती वाट. बोलण्यातला 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. 'मी पिचरच आहे', 'खेळले तरच मला किंमत'. दोन-तीन भेटी आम्ही तो 'च' सोलत बसलो. तिला सगळं पटायचं. "पटतं मॅडम, पण..." असा 'पण' आला की समुपदेशकाने बोलणं थांबवावं, हे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. इथे माझ्याच लक्षात यायला वेळ लागला.

त्या दिवशी मेजावर मोसंबी होती. सॉफ्टबॉलचा घेर 12 इंच, त्यापुढे मोसंबं ते काय. तरी एक उचललं आणि म्हटलं, "मला शिकव."

ती हसली. मी उभी राहिले, हात गर्रकन फिरवला, मोसंबं कपाटावर आपटलं.

"मागचा पाय आधीच वळला, मॅडम. आणि कोपर कडक ठेवलंत. हात पूर्ण फिरून मांडीजवळ आला की मनगट झटकायचं."

दुसऱ्यांदा टाकलं. "आता पाय बरा. खांदा घाई करतोय."

"मोसंबं कुठे गेलं, पाहिलंस?"

"नाही. कशाला पाहू? पायावरूनच कळतं."

मी काही बोलले नाही. ती खुर्चीवर बसली, स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

"खेळताना मला हे दिसायचं नाही," ती सावकाश म्हणाली. "स्वतःचा हात सुटताना आपल्याला दिसतच नाही ना. सर ओरडायचे तेव्हा कळायचं."

इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही अशा वेळी अंगावर काटा येतो. गेलेल्या गोष्टीबद्दल मी तिची समजूत घालत होते, आणि तिच्याकडे दहा वर्षांत नसलेली नजर आली होती. त्या वाक्यात एकही 'च' जुना नव्हता. तो मी काढला नाही, मोसंब्याने काढला. पण मोसंबं उचलायचं मला सुचलं, एवढं श्रेय घेते.

खेळ नुकताच सुटलेल्यांनो, त्याचं दुःख होऊ द्या. दहा वर्षांची पहाटेची सवय पंधरा दिवसांत जात नाही. शिकवायला लागला असाल तर सरावाचा पहिला अर्धा तास चेंडू हातात घेऊ नका, नुसतं बघा, आणि रात्री एकेका खेळाडूबद्दल एक ओळ वहीत लिहा. स्वतः खेळायची हौस रविवारी जुन्या मैत्रिणींत भागवा. ती मुलींच्या वेळेतून काढू नका. आईवडिलांनी 'पुढे काय' काही महिने गिळावं. झोप-जेवण उडालं, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

वैशाली चार महिन्यांनी भेटायला आली. पतियाळ्याच्या क्रीडा संस्थेतल्या प्रशिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म भरलाय म्हणाली. मुली अजून मॅडमच म्हणतात. निघताना तिने मेजावरचं मोसंबं माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

मी टाकलं.

"कोपर अजून कडकच आहे, मॅडम."