निकालानंतरची प्रार्थना

निवडणुकीचा निकाल लागल्यापासून देशासाठी प्रार्थनाच होत नाही म्हणालास. मग आधी ती निराशाच देवापुढे मांड. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्यानेही किती काळ आक्रोश करू म्हणून विचारलंच होतं. त्यानंतर बायबलमधल्याच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 29वा अध्याय सावकाश वाच. नबुखद्नेस्सर राजाने बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया सांगतो, घरं बांधा, बागा लावा, त्याच नगरासाठी प्रार्थना करा. ज्यांनी देशोधडीला लावलं, त्यांच्या नगरासाठी! आपण तर आपल्याच देशात आहोत.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत नुसतं ‘राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे’ म्हणून थांबू नकोस. आमदाराचं, सरपंचाचं नाव घे; न आवडणाऱ्याचं तर आधी. मात्र प्रार्थनेत प्रचार शिरू देऊ नकोस, चर्चमध्ये शेजारच्या बाकावर दुसऱ्या पक्षाला मत दिलेला भाऊ बसलेला असतो. आणि ग्रामसभेला जात जा.