हळदीच्या गोदामात काम करणाऱ्याला पूर्ण आत बसणारं श्रवणयंत्र चालेल का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ 45 वर्षांचा, सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला, बहिरेपणा नसेचा. कानामागचं मशीन घामानं आणि भुकटीनं सारखं बंद पडतं, म्हणून ऑपरेशन करून बाहेर काहीच न दिसणारं यंत्र आत बसवावं का.

धुळीचा त्रास त्यानं मिटेल, हे खरं. एस्टीम नावाच्या यंत्राला (अमेरिकेत परवानगी 2010 साली) मायक्रोफोनच नाही. मिरजेच्या तानपुऱ्याच्या तबलीला पिकअप चिकटवलेला पाहिला असेल, तो लाकडाची थरथर उचलतो. इथे तबलीच्या जागी कानातलं ऐरण हे हाड. पडदा हलला की ऐरण हलते, तिला जोडलेला स्फटिक वाकतो आणि किंचित वीज निघते. कानामागच्या हाडात बसवलेला प्रोसेसर ती वाढवतो, मग दुसरा स्फटिक रिकिबीला, म्हणजे ऐरणीपुढच्या हाडाला, ढकलतो. कातडीखाली माइक असणारी यंत्रंही आहेत, पण त्यांत चावण्याचा, केस घासल्याचा आवाज घुसतो.

मेख पुढे आहे. दोन्ही स्फटिक कानातल्या हाडांच्या एकाच अखंड साखळीवर राहिले तर यंत्र स्वतःचाच आवाज उचलून शिट्टी मारेल. म्हणून ऐरणीचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा कापतात. चांगलं हाड, बरं का! यंत्र बंद पडलं की तो कान आजच्यापेक्षा जास्त बहिरा. साखळी पुन्हा बांधता येते, पण पूर्वीइतकं ऐकू येईलच असं नाही.

बॅटरी चार्ज होत नाही. साडेचार ते नऊ वर्षांत संपते, मग कानामागे चीर घेऊन बॅटरीसकट प्रोसेसर बदलायचा. पहिल्या ऑपरेशननंतरही साधारण दोन महिने यंत्र चालू करत नाहीत. चवीची नस वाटेतच असते, त्यामुळे जिभेची एक बाजू बेचव होऊ शकते. चेहऱ्याची नसही शेजारीच.

कान फुटत असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर आधी ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ती तपासणी) करून घ्या, सोबत मशीन न लावता शब्द ओळखण्याची चाचणी. त्यात 40 टक्क्यांच्या खाली असेल तर हे यंत्र बसवत नाहीत. सीटी स्कॅन त्यानंतर, हाडात जागा आहे का ते बघायला.

पण माझं मत विचाराल तर आधी आहे ते मशीन सांभाळून बघा. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. मोल्डची, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याची, नळी पिवळी, कडक झाली की बदलायची. ‘बंद पडलं’ म्हणून आणलेल्या मशीनच्या नळीत पुष्कळदा घामाचा एक थेंबच अडकलेला असतो. मोल्ड मशीनपासून सुटा करून फुंकणीनं हवा मारली की आवाज परत येतो.