डोंगर नसलेल्या गावातून हिमालयात : तुमची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात लडाखच्या मारखा खोऱ्यातल्या ट्रेकबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. लेहच्या दक्षिणेला मारखा नदीच्या काठाकाठानं चालायचं, मुक्काम गावातल्या घरांमध्ये, आणि शेवटी ५,२०० मीटरच्या आसपास असलेली कोंगमारू ला चढून पलीकडं उतरायचं, ला म्हणजे खिंड, आणि जाता जाता तिथल्या पावसाचा आणि शेतीचा उल्लेख, एवढंच. मला वाटलं होतं मराठवाड्यातून याबद्दल कोण विचारणार, तर परभणी, लातूर, अंबाजोगाई, जालना, आष्टी अशी पत्रं आली. जागा होती तेवढी घेतलीत.

प्रश्न : सर, मी रिटायर शिक्षक, वय ५८, बीपीची एक गोळी चालू आहे. आमच्या परभणीत डोंगर म्हणाल तर औषधालाही नाही, उन्हाळ्यात ४४ डिग्रीत आयुष्य गेलं. मला हा ट्रेक झेपेल का? आणि प्रॅक्टिस करायची तर कुठं करू? मुलगा म्हणतो बाबा गप घरी बसा.
— एक गुरुजी, परभणी

उत्तर : गुरुजी, मुलाला सांगा की तुमच्याहून मोठ्या वयाची माणसं तिथं आरामात चालताना मी बघितलीत आणि पंचविशीतली पोरं डोकं धरून बसलेलीही बघितलीत. पण आधी डॉक्टरकडं जा, आणि नुसतं फिरायला जातोय म्हणू नका, ५,००० मीटरच्या वर जायचंय असं आकड्यात सांगा. बीपी कंट्रोलमध्ये आहे का, ईसीजी, हिमोग्लोबिन, सगळं बघून ते हो म्हणाले तरच पुढं.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर खरं सांगतो, उंचीची प्रॅक्टिस मराठवाड्यात होतच नाही. परभणी चारशे मीटरच्या आसपास, आपल्या राज्याचं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, ते १,६४६ मीटर, आणि लेह गावच ३,५०० मीटरवर, म्हणजे जिथं ट्रेक सुरूसुद्धा झालेला नाही तिथंच तुम्ही दोन कळसूबाईंच्या वर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाबच कमी, त्यामुळं कोंगमारू लावर एका श्वासात तुम्हाला इथल्या जवळपास निम्माच ऑक्सिजन मिळतो. त्याची तयारी तिथंच जाऊन, थांबून थांबून करावी लागते. इथं तयार करायचे ते पाय, गुडघे आणि दम. रोज तास-दीड तास झपझप चालणं, आठवड्यातून तीन दिवस पाठीवर पाच-सहा किलोची बॅग घेऊन जिने चढणं-उतरणं, आणि उतरण्यावर जास्त भर द्या, कारण कोंगमारू लाच्या पलीकडचा उतार लांबलचक आहे आणि माणसं चढताना नाही, तिथं रडतात. महिन्यातून एकदा माहूरला जा, रेणुकामातेच्या पायऱ्या होतील आणि दर्शनही, नाहीतर देवगिरी किल्ला सकाळी लवकर दोनदा चढा, सोयगावकडं वेताळवाडीचा किल्ला आहे. बूट आताच घ्या आणि महिनाभर बाजारात जातानासुद्धा तेच घाला, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या.

एक सांगायचं राहिलं, उन्हाची सवय आहे म्हणून टोपी-क्रीम नको असं म्हणू नका. तिथलं ऊन तापत नाही पण भाजतं, हवा पातळ म्हणून. मी पहिल्या दिवशी गॉगल बॅगेतच ठेवला आणि संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं. थंडीची मात्र काळजी नको, परभणीकरांना थंडी काय सांगायची, दर हिवाळ्यात तुमच्या गावाचा पारा पेपरात असतो. फक्त निमालिंगला, म्हणजे कोंगमारू लाच्या आधीच्या मुक्कामाला, ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठू शकतं एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : सर मी रोज १० किमी पळतो, जिम आहे, वय २७. सुट्टी फक्त ६ दिवस. प्लॅन असा की लेहला सकाळी विमानानं उतरायचं, दुसऱ्या दिवशी ट्रेक चालू, ४ दिवसात संपवून परत. डायमॉक्स घेतली की चालतं असं मित्र म्हणतो. बरोबर ना?
— लातूर

उत्तर : नाही. मित्राला ट्रेकला घेऊ नका.

भाऊ, उंची जिम बघत नाही. उलट फिट माणूस जास्त फसतो कारण त्याचे पाय त्याला ओढत वर नेतात आणि शरीर मागं राहतं. मी स्वतः पहिल्यांदा विमानानं लेहला उतरलो, छान वाटत होतं म्हणून त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो, वरून फोटोही काढले, आणि रात्री डोकं असं फुटायला लागलं की सकाळपर्यंत बादलीजवळच बसून होतो. दोन दिवस गेले. म्हणून नियम साधा आहे, लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण आराम, तिसऱ्या दिवशी थोडं हिंडणं, मग ट्रेक. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, दिवसा जास्त चढलात तरी चालतं पण झोपायला खाली या.

आता या ट्रेकला ते लावून बघा. वाटेतले मुक्काम असे, स्कियू ३,४०० मीटरच्या आसपास, मारखा गाव ३,८०० च्या आतबाहेर, हांकर ४,०००, आणि तिथून निमालिंग एकदम ४,८००. हाच तो दगा देणारा टप्पा. म्हणून हांकर ते निमालिंग एका दमात करू नका, मध्ये थाचुंगत्सेला एक रात्र काढा, तिथं तंबू असतात. तुमच्या चार दिवसात ही रात्र बसतच नाही.

डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड, शरीराला उंचीची सवय व्हायला मदत करते, बरेच डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. ती घाईचा परवाना नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मेली, झोप नाही, एवढं असेल तर तिथंच थांबा, वर जाऊ नका. पण बसल्या जागी धाप लागतीये, खोकल्यात फेस येतोय, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतोय, बरळतोय, तर तो फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठल्याचा प्रकार असू शकतो, त्याला रात्र असो की दिवस लगेच खाली न्यायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही. आणि घरातलं कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर नेणार असाल तर न्या, पण लेहमध्ये आकडा नव्वदच्या खाली गेला म्हणून घाबरून जाऊ नका, तिथं धडधाकट माणसाचाही आकडा उतरतो, लक्षणं बघायची.

सुट्टी १० दिवसांची मिळवा. नाही मिळाली तर यंदा नुसतं लेह आणि आसपासची गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघून या, राव.

प्रश्न : सर, आम्ही चौघी मैत्रिणी जाणार आहोत. सगळ्या शाकाहारी. घरांमध्ये राहायचं म्हणजे जेवण कसं, बाथरूमचं कसं, आणि मुलांसाठी खाऊ न्यावा का? सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत जाऊन पुढं विमान करावं म्हणतो.
— एक गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, सचखंडचं उत्तम, सोबत एखादं ताट किंवा डबा ठेवा, वाटेत स्टेशनवर लंगर मिळतो तेव्हा लोक हात पुढं करतात आणि भांडं नसतं. पण वेळ असेल तर दिल्लीहून विमानापेक्षा श्रीनगरवरून रस्त्यानं लेहला जा. सचखंड तशीही अमृतसरपर्यंत जाते, तिथून जम्मूमार्गे कटरा, आणि २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीये. श्रीनगर ते लेह सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कारगिलला २,७०० मीटरच्या जवळ झोपायला मिळतं, म्हणजे शरीर हळूहळू चढतं. मनालीच्या रस्त्यानं मात्र रात्र बऱ्याचदा एकदम चार हजारांच्या वर सरचूला काढली जाते, आमच्या ओळखीचे बरेच जण तिथंच आडवे झालेत.

जेवणाची काळजी सोडा. आल्या आल्या सांगायचं शाकाहारी, की वरण-भात-भाजी मिळते, नाहीतर स्क्यू, म्हणजे कणकेचे छोटे गोळे अंगठ्यानं दाबून भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. आपल्या वरणफळांची लांबची बहीण समजा, फक्त फोडणी आणि तिखट विसरा, चटणीची डबी सोबत न्या. जवाचं भाजलेलं पीठ घरोघरी असतं, ते म्हणजे आपलं सातूचं पीठच, दूध-गुळाऐवजी ते लोणी घातलेल्या खारट चहात कालवतात. तो चहा पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही, पण कप रिकामा केला की लगेच पुन्हा भरतात, त्यामुळं हळूहळू प्या. भेटलं की आणि निघताना "जुले" म्हणायचं, नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळं त्यात.

बाथरूमचं स्पष्ट लिहिते... (माझी बायको बाजूला बसून सांगतीये, तिनं हे आधी केलंय, म्हणून हा एवढा भाग तिचाच.) संडास कोरडे असतात, वरच्या मजल्याला भोक, खाली माती. नंतर वर माती किंवा राख टाकायची, पाणी आत ओतायचं नाही, कारण तेच पुढं शेताचं खत होतं आणि पाण्यानं ते सगळं नासतं. आपल्याला तांब्याशिवाय होत नाही हे मलाही माहितीये, पेपर न्या आणि सवय करा, दोन दिवसात होते. पॅड वापरले की पिशवीत बांधून परत लेहला आणायचे, तिथं टाकायला जागा नाही. अंघोळ विसरा.

मुलांना खाऊ, पेन असलं काही वाटू नका. एकदा सुरू झालं की ती शाळा सोडून वाटेवर उभी राहतात. घरात राहण्याचे पैसे द्या, ते रोख, एटीएम लेहलाच आहे. हे पैसे कामाचे आहेत, कारण हे सगळं खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, १९८१ सालचं, आणि तिथं हिमबिबट्या आहे. तो रात्री गोठ्यात शिरला की एका रात्रीत बरीच मेंढरं मारतो, मग माणूस त्याला मारणारच. पाहुण्यांच्या पैशानं घरं चालायला लागली आणि गोठ्यांवर जाळ्या आल्या तसा हा राग कमी झाला. तुम्हाला तो दिसेल अशी आशा मात्र धरू नका, निळसर राखाडी भरल, म्हणजे तिथली रानमेंढरं, दिसतील, कळपच्या कळप.

प्रश्न : फोनला रेंज असते का?
— जालना

उत्तर : लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घ्या. आणि खोऱ्यात शिरलात की तेही बऱ्याच ठिकाणी नाहीच, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : सर मला ट्रेक करायचा नाही, गुडघे गेलेत, पण तुमच्या लेखात होतं की तिथं वर्षाला १०० मिमीच पाऊस पडतो आणि तरी शेती करतात. आमच्या आष्टीत त्याच्या कितीतरी पट पडतो आणि आम्ही टँकरवर. ते कसं काय करतात जरा सविस्तर सांगा.
— एक शेतकरी, आष्टी

उत्तर : हेच पत्र मला सगळ्यात आवडलं. दादा, तिथं पाऊस हे पीक पिकवतच नाही, बर्फ पिकवतो. वर हिमनदी वितळली की ओढ्यातून पाणी येतं, ते दगडमातीच्या चारीनं गावात आणतात, रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून छोट्या तळ्यात साठवतात, आणि सकाळी पाळीनं सोडतात. पाळी कुणाची ते ठरवणारा एक माणूस असतो, त्याला छुरपोन म्हणतात, पाण्याचा कारभारी. बऱ्याच गावांत हे काम घराघरात फिरतं, म्हणजे या वर्षी ज्यानं तुमची चारी बंद केली, त्याची चारी पुढं कधीतरी तुम्ही बंद करणार. चारीच्या टेलला पाणी न पोचणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, तर तिथं टेलचा माणूसही कधीतरी छुरपोन होतो.

अडचण कुठं होते, तर पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि वरचं बर्फ नीट वितळायला जून लागतो. मधले दीड-दोन महिने कोरडे. यावर चेवांग नॉर्फेल नावाच्या इंजिनिअरनं ऐंशीच्या दशकात एक युक्ती काढली, हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाच्या वर सावलीत अडवून गोठवायचं, म्हणजे कृत्रिम हिमनदी. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढं सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास बर्फाचा स्तूप केला. वरच्या ओढ्यातून पाइप टाकायचा, गावाजवळ तो उभा करायचा, पाणी आपल्याच दाबानं कारंज्यासारखं उडतं आणि थंडीत गोठत गोठत शंकूसारखा डोंगर होतो. शंकू का, तर तेवढ्याच बर्फाला ऊन लागायला पृष्ठभाग कमी, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा उशिरा वितळतो, नेमका पेरणीच्या वेळी. मोटर नाही, वीज नाही. संभाजीनगरची पाणचक्की बघितलीच असेल तुम्ही, डोंगरातून खापराच्या नळानं आलेलं पाणी वर चढून पडतं ना, अगदी तेच तत्त्व. लडाखातही पाण्यावर फिरणारी जाती आहेत, सातू दळायला.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं की आपल्याकडं पाणी पडतं पण थांबत नाही. आपल्याकडं बर्फाचा स्तूप होणार नाही हे उघड आहे, आष्टीत काय गोठणार. पण रात्रीचं पाणी साठवणं आणि पाळीचा कारभारी घरोघर फिरवणं, याला बर्फ लागत नाही. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेत उतरून बघा, आपल्या लोकांनाही कधीकाळी हे कळत होतं.

गुडघे गेले असले तरी तुम्ही जाच, फक्त ट्रेकच्या सीझनमध्ये जाऊ नका. मेच्या शेवटी जा, रस्त्यानं, श्रीनगरकडून. लेहच्या आसपासच्या एखाद्या गावात गाडीनं पोचता येतं, चारीच्या कडेला बसा आणि पाणी कोण कुणाला सोडतंय ते बघा. जाताना किलोभर ज्वारीचं पीठ न्या, घरच्या बाईला भाकरी थापून दाखवा, चूल आहेच. त्यांच्या सातूशी तुलना करताना अर्धा दिवस सहज जातो, भाषा येत नसली तरी.